दुधाच्या बारातली पंगत

बार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अर्धवट उजेड, रंगीत बाटल्या आणि ‘घरी सांगू नकोस हं’ असे म्हणणारी मित्रमंडळी उभी राहतात. पण पोलंड देशात याच शब्दाला ‘दुधाचा’ हे विशेषण जोडून एक संस्था सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. तेथे आजोबा नातवाचा हात धरून उजळ माथ्याने आत जातात. ‘बार म्लेच्नी’ असे तिचे नाव. म्लेच्नी म्हणजे दुधाचा. दारूचा तेथे थेंबही मिळत नाही.

पोलंड आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्तंभ त्यांची आठवण जपून आहे. शाळेत इतिहास शिकवताना आम्ही लढाया आणि तह यांच्या सनावळ्या घोकून घेतो. पण त्या सनावळ्यांच्या काळात साधी माणसे कोठे नि काय जेवत होती, हे मात्र मुलांना सांगायचे राहून जाते. या दुधाच्या बाराने पोलंडचा शंभर वर्षांचा इतिहास जवळून पाहिला आहे.

आरंभ १८९६ सालचा. त्या वेळी नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघा शेजाऱ्यांनी त्याची वाटणी शंभर वर्षांपूर्वीच पुरी केली होती आणि वॉर्सा शहरावर झारचा अंमल होता. त्या शहरात स्तानिस्वाव द्वुझेफ्स्की नावाच्या एका जमीनदाराने नोवी श्व्यात, म्हणजे ‘नवे जग’, या नावाच्या रस्त्यावर दुग्धालय उघडले. श्विदेर नदीवरून त्याने त्याचे नाव ठेवले. दूध, दही, अंडी आणि पिठाचे पदार्थ एवढाच तेथला स्वयंपाक. मांस महाग, दूध-पीठ स्वस्त. तेव्हा थोड्या पैशांत पोट भरे. धंदा चालला तसे इतरांनीही त्याचे अनुकरण केले. १९१८ साली देश स्वतंत्र झाला, पुढे १९३० नंतरच्या मंदीत लोकांचे खिसे रिकामे झाले, आणि स्वस्त जेवणाची ही दुकाने अधिकच गरजेची ठरली.

मग युद्ध आले. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा जवळजवळ जमीनदोस्त केले. त्या ढिगाऱ्यांतून शहर पुन्हा उभे राहू लागले तेव्हा राज्य कम्युनिस्टांचे होते. खाजगी उपाहारगृहे मिटली, पण दुधाचे बार सरकारनेच हाती घेतले आणि वाढवले. खेड्यांतून कामासाठी शहरात आलेल्या ज्या माणसांच्या कारखान्याला स्वतःची खाणावळ नव्हती, त्यांनी जेवायचे कोठे? त्यांच्यासाठी सरकार पदरचे पैसे घालून दर खाली ठेवी.

आत गेले की भिंतीवर पदार्थांचा फलक. रांगेत उभे राहायचे, गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची. आतून हाक आली की आपले ताट आपण उचलायचे, आणि जेवण झाल्यावर उष्टी भांडी दुसऱ्या खिडकीत आपणच नेऊन ठेवायची. वाढपी नाही, बक्षिसी नाही, ‘आणखी काय आणू साहेब?’ हेही नाही.

पदार्थ पाहिले तर आपल्या गृहिणींना मौज वाटेल. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजीच. आत बटाटा आणि पनीरसारखे दुधाचे सारण. नालेश्निकी हे पातळ धिरडे, त्यात गोड चक्का गुंडाळलेला. बार्श्च हे बीटचे आंबटसर सार. दुधात शिजवलेल्या शेवया आपल्या खिरीच्या नात्यातल्या, फक्त वेलची-केशराच्या श्रीमंतीवाचूनच्या. प्यायला कोंपोत, म्हणजे फळे उकळून केलेले गोड पाणी.

या बारांची थट्टाही पुष्कळ झाली. १९८१ साली आलेल्या स्तानिस्वाव बारेया यांच्या ‘मिश’ या विनोदी चित्रपटात दुधाच्या बारातल्या थाळ्या टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेल्या आणि चमचे साखळीने बांधलेले दाखवले आहेत. त्याच वर्षी देशात मांसाला रेशनची कुपने लागली होती, तेव्हा प्रेक्षक हसले असतील ते आपल्याच हालांना.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली. परदेशी पद्धतीची चकचकीत उपाहारगृहे आली, जागांची भाडी वाढली आणि दुधाचे बार भराभर बंद पडू लागले. जुन्या काळाची ही अडगळ आपोआप नाहीशी होईल, असे अनेकांना वाटले. पण २०११ च्या अखेरीस वॉर्सातला ‘प्रासोवी’ नावाचा जुना बार बंद झाला, तेव्हा तरुण कार्यकर्ते त्या बंद जागेत शिरले आणि त्यांनी स्वतः रांधून लोकांना वाढले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पण गाजावाजा झाला तो झालाच, आणि २०१३ साली त्याच जागी दुधाचा बार पुन्हा सुरू झाला. २०१५ च्या आरंभी अनुदानाच्या नव्या नियमांतील जिन्नसांच्या यादीत मसालेच नव्हते. चिमूटभर मिरपूड घातली तर अनुदान जायचे! स्वयंपाकी चिडले, गिऱ्हाईके चिडली, वर्तमानपत्रे हसली, आणि सरकारला यादी वाढवावी लागली.

एवढा जीव लोकांनी या साध्या खाणावळीवर का टाकावा? केवळ स्वस्ताई हे त्याचे उत्तर नाही. फुकटचे अन्नछत्र त्याहून स्वस्त असते. पण अन्नछत्राच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाची मान थोडी खाली गेलेली असते. दुधाच्या बारात गरीब म्हातारीही पैसे मोजते, हातात चिठ्ठी घेते आणि हक्काने हाक ऐकते. तिच्या पुढे विद्यार्थी असतो, मागे कचेरीतला कारकून. कोणाचे अनुदान कोणाच्या ताटात पडले हे कोणी विचारत नाही. तिघांच्याही ताटात तेच सार असते, आणि जेवून झाल्यावर तिघेही आपापली ताटे त्याच खिडकीत नेऊन ठेवतात.

दिवाळीत आपण फराळाचे ताट शेजारी पाठवतो तेव्हा त्यावर आठवणीने रुमाल झाकतो. कोणाकडे किती गेले हे चारचौघांत दिसू नये, घेणाऱ्याला संकोच वाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. देण्याइतकेच हे झाकणेही महत्त्वाचे असते. पोलंडच्या लोकांनी ते काम गल्ल्यावरच्या एका कागदी चिठ्ठीकडून करून घेतले.