तार तुटली की कळायचं: वीजकेंद्रातल्या नेटवर्कचा छोटा इतिहास

सावनेर तालुक्यातल्या माणसाला खापरखेड्याच्या चिमण्या दाखवाव्या लागत नाहीत. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, असे पाच संच. एकूण १३४० मेगावॅट. पहिला संच १९८९चा, पाचवा २०११चा. या मधल्या काळात जगभरच्या वीजकेंद्रांमध्ये यंत्रांची एकमेकांशी बोलायची पद्धतच बदलली. माझ्या पीएचडीचं शीर्षक लांबलचक आहे, पण प्रश्न साधा आहे: यंत्रांचं नेटवर्क आणि ऑफिसचं नेटवर्क एक झालं, तेव्हा ती सांभाळणाऱ्या माणसांचं शिक्षण एक झालं का?

४ पासून सुरुवात का?

आधी जुनी पद्धत बघू. बॉयलरजवळचा ट्रान्समीटर तापमान किंवा दाब मोजतो आणि ते मोजमाप ४ ते २० मिलिअँपिअर करंटच्या रूपात कंट्रोल रूमकडे पाठवतो. ४ म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे शंभर टक्के. तुम्ही विचाराल, मग ० पासूनच सुरुवात का नाही केली? कारण तार तुटली की करंट ० होतो. ० दिसला की ऑपरेटरला कळायचं, हे मोजमाप नाही, हा बिघाड आहे. त्याआधी हवेच्या दाबावर चालणारी उपकरणं होती. त्यांचीही पट्टी ३ ते १५ पीएसआय अशीच होती.

अडचण एकच. प्रत्येक उपकरणाला तारांची स्वतंत्र जोडी लागायची आणि केबलचे नुसते ढीग व्हायचे.

कुलूप दाराला होतं

१९६८च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना रिलेंच्या जंजाळातून सुटका हवी होती. त्यातून पीएलसी जन्मला. मॉडिकॉन ही पहिल्या कंपन्यांपैकी एक. तिनेच १९७९ मध्ये मॉडबस आणला, म्हणजे एकाच तारेवर अनेक यंत्रांनी पाळीपाळीने बोलायची भाषा.

ही भाषा किती साधी आहे बघा. 'यंत्र क्रमांक १७, आदेश ६, रजिस्टर ४०, किंमत ९०.' आदेश ६ म्हणजे 'हा आकडा लिही'. १७ नंबरचं यंत्र तो आकडा लिहून घेतं. सांगणारा कोण, हे ते विचारत नाही. पासवर्ड नाही, ओळखपत्र नाही. त्या काळी यात वावगं काहीच नव्हतं. तार बंद पॅनेलमध्ये, पॅनेल कंट्रोल रूममध्ये आणि गेटवर पहारा. कुलूप दाराला होतं, म्हणून भाषेला लावलं नाही.

भिंत पडली ती हिशोबामुळे

या बंद खोलीतले आकडे बाहेर गेले ते मुख्यतः पैशाच्या हिशोबासाठी. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात वीज घेण्यादेण्याचा हिशोब १५-१५ मिनिटांच्या ब्लॉकने होऊ लागला. दिवसाचे ९६ ब्लॉक. ६ जून २००५ला वीज मंडळाच्या जागी महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या वेगळ्या कंपन्या आल्या. केंद्रात आत्ता किती वीज होतेय, हा आकडा आता भार प्रेषण केंद्राला हवा, व्यापार विभागाला हवा आणि मुख्यालयालाही हवा. नेमक्या त्याच काळात इथरनेट आणि विंडोजचे संगणक स्वस्त झाले. मॉडबसही इथरनेटवर आला, पण स्वभाव तोच राहिला.

आणि खरी मेख इथे आहे. तुटलेली तार बिघाड स्वतःहून सांगायची. नेटवर्कवर आलेला खोटा आकडा मात्र खऱ्यासारखाच दिसतो.

दोन शाळा

वीजकेंद्रात 'सी अँड आय'वाले इन्स्ट्रुमेंटेशन शिकून येतात. त्यांचं पहिलं तत्त्व म्हणजे चालू संच बंद पडता कामा नये. आयटीवाल्यांचं पहिलं तत्त्व म्हणजे अपडेट टाका, रीस्टार्ट करा. २१० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने तासाला २ लाख १० हजार युनिट वीज देतो. 'जरा रीस्टार्ट करतो' हे वाक्य तिथे चालत नाही. आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत. प्रश्न असा, की दोन्हींच्या मधल्या केबलची जबाबदारी कोणाची?

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. १ मार्च २०२१ला तेव्हाचे गृहमंत्री आणि आपल्या शेजारच्या काटोलचे तेव्हाचे आमदार अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता सांगितली. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की कारण मानवी चूक होतं, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. वाद व्हायरस की चूक यावर रंगला. पण हल्ला ओळखायला शिकलेला माणूस लागतो, आणि चूक टाळायलाही तोच लागतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. यंत्रांचं नेटवर्क इंटरनेटपासून पूर्ण वेगळं ठेवा, हा एक मुद्दा. दोन्ही बाजूंच्या देखभालीतल्या सगळ्यांना सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं, हा दुसरा. म्हणजे २००२ नंतर पडत गेलेली भिंत पुन्हा बांधायची. बांधणाऱ्याला मात्र आता भिंतीच्या दोन्ही बाजू ठाऊक हव्यात.

नागपुरात राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेचं केंद्र सत्तरच्या दशकापासून आहे, तेव्हा शिकवायची परंपरा आपल्याकडे नवी नाही. तुमच्या घरी कोणी आयटीआयत किंवा डिप्लोमाला इन्स्ट्रुमेंटेशन शिकत असेल, तर एक प्रश्न विचारून बघा: '४ मिलिअँपिअर कशासाठी, ते तुला माहितीये. पण स्क्रीनवरचा आकडा खरा कशावरून?' उत्तरार्धाला ते अडखळले, तर दोष त्यांचा नाही. हा प्रश्न अभ्यासक्रमात कुठे बसवायचा, याचा शोध माझ्या संशोधनात चालू आहे.