चार हजार दोनशे त्र्याहत्तर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आजोबांच्या वहीचं. गावचं घर आवरताना चुलतभावाला ती सापडली आणि घरच्या मंडळींमध्ये लगेच उत्साह पसरला. वही फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची म्हणे! मी नको म्हटलं, तर भाऊ थोडा रागावला. एवढा राग आजोबांच्या बदकांवर कशाला, असं त्याचं म्हणणं. तर हे त्याच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.

आजोबा निफाडकडचे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे, त्याच्या पाणथळीत हिवाळ्यात बदकं उतरतात. आजोबांकडे परवान्याची दुनळी होती. वहीत तारीख, काडतुसं किती, पाखरं किती. बस्स. "तलवार 3, थापट्या 2, हळदीकुंकू 1." कुठेही एक शब्द जास्तीचा नाही.

आजी मात्र हे प्रकरण स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, आणि शिजवणारे पुरुष. पिसं काढण्यात तास-दीड तास जायचा. थापट्याची कातडी सोलायचीच, कारण तो रुंद चोचीने चिखलपाणी गाळून खातो आणि तो वास चरबीत उतरतो. शेपटीच्या बुडाशी असलेली तेलाची गाठ आधी कापून टाकायची, नाहीतर सगळा रस्सा वाया. मग हळद-मीठ, भाजलेला कांदा-खोबरं, काळा मसाला. रानपाखराचं मांस लालसर आणि चिवट, कोंबडीच्या हिशोबाने शिजवलं तर दात दुखतील. दोन तास मंद आच हवी. तलवार बदक दाणे खाऊन पोसलेलं असलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही, असं काका अजून सांगतात. जेवताना मधूनच दाताखाली छर्रा यायचा, तो ताटाच्या कडेला ठेवायचा. कोणाच्या ताटात किती छर्रे, यावर पोरांची पैज! (ते शिशाचे असत आणि शिसं विषारी, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.)

वहीपेक्षा मला आठवतो तो भरतपूरचा दगड. काही वर्षांपूर्वी केवलादेवला गेलो होतो. देवळाजवळ शिकारींच्या नोंदी कोरलेले दगड उभे आहेत. तारीख, पाहुणा, बंदुका, पाखरं. अगदी आजोबांच्या वहीसारखंच, फक्त आकडे वेगळे. 1902 साली लॉर्ड कर्झनपासून सुरुवात. 1916 ला चेम्सफर्डच्या पाहुणचारात 4206. आणि 12 नोव्हेंबर 1938 ला लिनलिथगो व्हाइसरॉय असताना एका दिवसात 4273.

ते तळंही आपोआप झालेलं नव्हे. सखल जमीन, अठराव्या शतकात सूरजमलच्या काळातला अजान बांध, आणि पुढे दरबाराने शिकारीसाठीच केलेले बांध-कालवे. दलदलीत बंदूकवाल्यांच्या जागा ठरलेल्या, माणसं पाखरं उठवणार. उठलेली बदकं घिरट्या घालून पुन्हा त्याच पाण्यावर येणार. म्हणजे नेमबाजीपेक्षा व्यवस्थेचंच हे यश! एवढी पाखरं कोणी खाल्ली असतील, हा प्रश्न मला तिथे उभा असताना पडला. दगडावर ते लिहिलेलं नाही.

गंमत अशी की शिकारीसाठी राखलं म्हणून ते पाणी टिकलं. शेवटची मोठी शिकार 1964 ची. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं, 1985 ला जागतिक वारसा यादीत गेलं. पण 1982 ला गावकऱ्यांची गुरं चारणं बंद केलं तेव्हा गोळीबारात माणसं गेली. त्यांच्या नावाचा दगड मला तिथे दिसला नाही.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आला तरी छोट्या शिकारीला परवाना मिळत असे. ते दार 1991 च्या दुरुस्तीने बंद झालं. आजोबांची वही त्याच्या पुष्कळ आधी थांबते, आणि ते कायद्यामुळे नव्हे.

बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. जखमी पाखरं पाण्यातून काढून आणायचं काम त्यांचं. एकदा पहाटेच्या धुक्यात गोळी चक्रवाकाला लागली. चक्रवाक बेचव म्हणून कोणी मारत नसे. बाबा गळाभर पाण्यात गेले. पाखरू जिवंत होतं आणि मान मुरगळायची पाळी त्यांच्यावर आली. दुसरा चक्रवाक वर ओरडत फिरत राहिला, तो दिवस चढेपर्यंत. त्यानंतर बाबा अंगणातल्या पंगतीला कधी बसले नाहीत. आजोबांनी त्यावर एक शब्द काढला नाही.

नांदूर मध्यमेश्वर 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी फक्त विचारलं, "चक्रवाक येतात का रे अजून?" येतात म्हटलं.

भावाला एवढंच सांगायचं होतं की वही फ्रेम करायचीच असेल तर शेवटचं पान वर ठेव. त्यावर आजोबांच्या अक्षरात आहे, "काडतूस 1. चक्रवाक 1, चुकून." पुढची पानं कोरी आहेत.