मुश्तरी म्हणजेच गुरू

उर्दू माध्यमाच्या शाळेत सूर्यमालेचा धडा शिकवताना दरवर्षी एक गंमत होते. फळ्यावर मी सूर्य काढतो, त्याच्याभोवती आठ कक्षा काढतो आणि ग्रहांची नावे लिहितो : उतारिद, जोहरा, जमीन, मिर्रीख, मुश्तरी, जुहल, युरेनस, नेपच्यून. मुले ती घडाघडा पाठ म्हणतात. मग मी विचारतो, "मराठीतला गुरू यांपैकी कोणता?" वर्ग गप्प होतो. मुश्तरी म्हणजेच गुरू आणि जुहल म्हणजेच शनी, हे सांगितले की मुलांना नवल वाटते. त्यांना वाटत असते, उर्दूचे ग्रह वेगळे आणि मराठीचे वेगळे!

एका वर्षी मात्र एका मुलीने मलाच अडवले. "सर, जुहलपर्यंतची सगळी नावं आपली आहेत. मग शेवटची दोन इंग्रजांची का?"

"ते ग्रह फार नंतर सापडले," एवढे सांगून मी वेळ मारून नेली. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. पुरे उत्तर द्यायचे तर सुमारे हजार वर्षांचा इतिहास सांगावा लागतो, आणि त्यात अभिमानाइतकाच आत्मपरीक्षणाचाही भाग आहे.

आज पाचवी-सहावीतल्या मुलालाही ठाऊक असते की सूर्य हा तारा आहे. त्याचा व्यास सुमारे 14 लक्ष किलोमीटर आहे आणि सूर्यमालेतील 99 टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. पृथ्वी त्याच्यापासून सरासरी 15 कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. हे ज्ञान एका माणसाला किंवा एका कौमला एका रात्रीत मिळालेले नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जात वाढले.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने पृथ्वी मध्यभागी ठेवून ग्रहांच्या गतीचे गणित मांडले. आपल्याकडे आर्यभटाने 499 मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने आपला सिद्धान्त लिहिला. आठव्या शतकात, खलिफा मन्सूरच्या काळात, भारतीय खगोलशास्त्र बगदादला पोहोचले आणि त्याचे अरबी रूप 'सिंदहिंद' या नावाने प्रसिद्ध झाले. टॉलेमीचा ग्रंथही अरबीत आला. म्हणजे बगदादच्या विद्वानांनी ग्रीकांकडून घेतले आणि हिंदुस्थानातूनही घेतले. इल्म कोणाकडून घ्यावा याचा संकोच त्यांनी केला नाही.

पण ते केवळ भाषांतर करून थांबले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. खलिफा मामूनने 828 च्या सुमारास बगदाद आणि दमास्कस येथे सूर्याचे वेध घेण्याची व्यवस्था केली. जुन्या ग्रंथातील आकडे आकाशाशी ताडून पाहायचे, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वाटेने पुढे गेला तो अल-बत्तानी. फुरात नदीकाठच्या रक्का शहरात त्याने 877 पासून सुमारे चाळीस वर्षे आकाशाचे वेध घेतले. वर्षाची लांबी त्याने 365 दिवस, 5 तास, 46 मिनिटे आणि 24 सेकंद एवढी काढली. आजच्या मोजमापाशी तुलना केली तर फरक अडीच मिनिटांपेक्षाही कमी आहे! दुर्बीण नाही, घड्याळ नाही. होती ती पितळेची यंत्रे, सावली आणि चाळीस वर्षांची चिकाटी. टॉलेमीच्या काळापासून सूर्याच्या गतीतील एक बिंदू सरकला आहे, हेही त्याने दाखवून दिले. पुढे 1543 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपर्निकसच्या ग्रंथात बत्तानीचा उल्लेख आहे, आणि चंद्रावरील एका विवराला त्याचे नाव आहे.

बत्तानीनंतर शंका घेण्याची ही परंपरा वाढली. इब्न अल-हैसमने टॉलेमीवरील आक्षेपांचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अल-बिरूनीने संस्कृत शिकून हिंदुस्थानच्या विद्यांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात आर्यभटाच्या मताची चर्चा केली. पृथ्वी फिरते असे मानल्याने खगोलशास्त्राच्या गणिताला बाध येत नाही, असे त्याने नमूद केले आहे.

1258 मध्ये हलाकूने बगदाद उद्ध्वस्त केले. त्याच हलाकूच्या आश्रयाने पुढच्याच वर्षी नसीरुद्दीन तूसीने इराणात मरागा येथे वेधशाळा सुरू केली. दोन वर्तुळांच्या गतीतून सरळ रेषेतील गती साधणारी तूसीची युक्ती गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यानंतरच्या शतकात दमास्कसला इब्न अल-शातिर झाला. हा उमय्या मशिदीचा मुवक्कित होता, म्हणजे नमाजच्या वेळा ठरविणारा. मशिदीच्या मिनारावर त्याने 1371 मध्ये सूर्यघड्याळ बसविले. त्याने मांडलेले चंद्राच्या गतीचे गणित आणि कोपर्निकसचे गणित सारखेच आहे, हे विसाव्या शतकात संशोधकांच्या ध्यानात आले. ते युरोपात कोणत्या वाटेने गेले, यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या जलशांमधून कधी कधी असे बोलले जाते की सगळे आपल्याच पूर्वजांनी शोधले आणि युरोपने ते चोरले. हे खरे नाही. इब्न अल-शातिरने पृथ्वी मध्यभागीच ठेवली होती. सूर्याला मध्यभागी ठेवून ग्रहांचे सगळे गणित नव्याने मांडले ते कोपर्निकसने. दुसऱ्याचे श्रेय घेऊन आपले पूर्वज मोठे होत नाहीत. त्यांचे जे आहे तेच पुष्कळ आहे.

मग ही साखळी तुटली कोठे? समरकंदच्या उलुग बेगने आपल्या वेधशाळेत हजाराहून अधिक ताऱ्यांची सारणी 1437 मध्ये तयार केली, पण 1449 मध्ये त्याचा खून झाला. त्यात त्याच्या स्वतःच्या मुलाचा हात होता. इस्तंबूलला तकीउद्दीनने 1577 मध्ये उत्तम वेधशाळा उभारली. दरबारातील विरोधापायी ती 1580 मध्ये सुलतानाच्याच हुकमाने पाडली गेली. त्याच सुमारास डेन्मार्कच्या राजाने टायको ब्राहे याला एक बेट देऊन वेधशाळा बांधून दिली होती. टायकोने वीस वर्षे घेतलेल्या मिर्रीखच्या, म्हणजे मंगळाच्या, वेधांवरून केप्लरने 1609 मध्ये दाखवून दिले की ग्रहांची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे. 1610 मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून मुश्तरीचे चार चंद्र पाहिले.

आपल्या देशात अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैन येथे वेधशाळा बांधल्या. त्याची सारणी फारसी भाषेत आहे आणि तिला बादशहा मुहम्मद शाहचे नाव आहे. हिंदू राजा, फारसी भाषा आणि उलुग बेगची परंपरा, असा तो सुंदर संगम होता. पण दुर्बीण येऊन शंभरावर वर्षे झाली असताना त्याचा भर अजून दगडी यंत्रांवरच होता. 1781 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या संगीत शिकवणाऱ्या माणसाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून युरेनस शोधला. 1846 मध्ये नेपच्यून सापडला, तो तर आधी कागदावरच्या गणितात आणि मग आकाशात.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. पहिले पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून प्रत्येक जुन्या भाषेत त्यांना नावे आहेत. शेवटच्या दोघांसाठी दुर्बीण आणि नवे गणित लागत होते. ज्यांच्या हाती ते होते, त्यांनी नावे ठेवली. मराठीत प्रजापती आणि वरुण ही नावे मागाहून दिली गेली.

आता मी हा धडा वर्गाबाहेर सुरू करतो. मैदानात एक सरळ काठी रोवतो आणि मुलांना दर दहा मिनिटांनी सावली मोजायला लावतो. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण जवालचा, हे नमाजी घरांतील मुलांना लगेच समजते. मे महिन्यात महाराष्ट्रात एक दिवस असा येतो की भर दुपारी काठीची सावली नाहीशीच होते. शाळेला सुट्टी असली तरी मुलांना ते घरच्या अंगणात पाहायला सांगतो. काही मुले खरोखर पाहतात आणि जूनमध्ये वहीत लिहिलेले आकडे आणून दाखवतात.

बत्तानीचा खरा वारसा मला त्या वहीत दिसतो. त्याचे नाव घेणे सोपे आहे. त्याच्यासारखे रोज उन्हात उभे राहून मोजणे, मोठ्यांचा आकडा चुकला तर अदबीने पण स्पष्ट सांगणे, हे अवघड आहे. आपल्या मुला-मुलींना आपण तेच शिकवू शकलो, तर यापुढे आकाशात जे सापडेल त्याच्या नावासाठी कोणाला विचारत बसावे लागणार नाही.