वाढदिवसाचे खेळ आणि बाद झालेला गडी

मुलाच्या वाढदिवसास त्याचे सवंगडी जमवावे, त्यांस खेळवावे आणि गोडधोड देऊन घरी पाठवावे, ही चाल आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. प्रवरेकाठच्या बेलापुरासारख्या गावांसही ती परकी उरलेली नाही. फराळाचा विचार आधीच होतो. खेळांचा मात्र ऐनवेळी, आणि तो बहुधा संगीत खुर्चीवर येऊन थांबतो. जर्मनीत ‘जेरुसलेमची यात्रा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात दर फेरीस एक मूल बाहेर पडते, आणि पुष्कळदा सर्वांत लहान व बुजरे मूलच प्रथम पडते. ज्यास आग्रहाने बोलाविले, तोच पाहुणा भिंतीशी बसून राहतो! आमच्या जुन्या खेळांनी या अडचणीची वाट कशी काढली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

जुना वाढदिवस तिथीने येई. त्या दिवशी अभ्यंग, औक्षण, सप्तचिरंजीवांचे व मार्कंडेयाचे स्मरण होई, आणि गूळ व तीळ घातलेले दूध प्राशन करावयाचे असे. हा विधी आयुष्यवृद्धीचा, खेळाचा नव्हे. बाळगोपाळांच्या मेळ्याचा मान होता तो बोरनहाणास. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एखाद्या दिवशी मुलास हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवावयाचे आणि मस्तकावरून बोरे, चुरमुरे, हलवा व उसाचे करवे ओतावयाचे. ते वेचण्यास शेजारची मुले धावत. कोणी अधिक वेची, कोणी कमी. बाद मात्र कोणीच होत नसे. बेलापूरच्या परिसरात तर करव्यांची वाण पडण्याचे कारणच नव्हते. १९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीचा साखर कारखाना जवळच हरेगावी उभा राहिला, आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेच्या कालव्यांस पाण्याचा आधार दिला.

परंतु हारजीत नसलेला खेळ मोठ्या मुलांस फार वेळ रुचत नाही. त्यांच्यासाठी हुतूतूचा इतिहास पाहावा. त्याचे तीन प्रकार होते. ‘गामिनी’त बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसे. ‘अमर’मध्ये तो बाहेर जातच नसे, प्रतिपक्षास केवळ गुण मिळे. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक परत जिवंत होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खेळास ठरीव नियम लाभले, १९३६ साली बर्लिन येथे त्याचे प्रदर्शन झाले, आणि आजच्या कबड्डीत जे तत्त्व टिकले ते संजीवनीचे! बाहेर बसलेल्या गड्यास परतण्याची आशा असते. म्हणून त्याचेही डोळे रिंगणावर खिळलेले राहतात.

यजमान मातापितरांस यातून एक सोपी कसोटी मिळते. खेळ निवडताना जिंकणाऱ्यास काय मिळेल हे मागाहून पाहावे. बाद होणारा पुढे काय करील, हे प्रथम विचारावे. आंधळी कोशिंबीर या कसोटीस उतरते, कारण सापडलेल्यावर राज्य येते. लगोरीत संघाचे काम असल्याने दुबळ्यासही रचण्यापुरता वाटा असतो. संगीत खुर्चीही टाकावयास नको. खुर्ची काढावी, मूल काढू नये, आणि उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी दाटीवाटीने बसावे. ज्या दिवशी मुलास दीर्घायुष्य चिंतावयाचे, त्या दिवशी त्याच्या सवंगड्यांस पुनःपुन्हा जिवंत करणारा खेळच शोभतो.