स्वयंचलित रसिक-प्रतिसाद (संगीत)

श्रोत्याने काही ठरावीक केले, म्हणजे मिस्ड कॉल दिला, फोनची कळ दाबली, कॉमेंट टाकली, की मधे माणूस न बसवता त्याला लगेच उत्तर देणारी प्रचारयंत्रणा. उत्तर म्हणून गाणे ऐकवले जाते, लिंक पाठवली जाते किंवा पुढच्या कार्यक्रमाची तारीख कळवली जाते.

या यंत्रणेची पूर्वज आकाशवाणीवरची फर्माईश. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून तिच्यावर जाहिरातीही लागू लागल्या. फर्माईशीचे पोस्टकार्ड टाकले की गाण्याआधी आपले आणि गावाचे नाव उच्चारले जाईल, या आशेने माणसे रेडिओपाशी बसत. गाणे तर एरवीही लागे. ओढ असे ती नावाची. आजच्या यंत्रणा गाणे क्षणात पोचवतात, पण श्रोत्याला नावाने ओळखण्यात त्या अजून फर्माईशीच्या मागे आहेत.

पहिला खरा स्वयंचलित टप्पा कॉलर ट्यूनचा. एअरटेलने 2004 मध्ये ‘हॅलो ट्यून्स’ आणल्या. समोरच्याने फोन उचलेपर्यंत वाजणारे गाणे आवडले की ‘स्टार’ आणि 9 दाबायचे. तेच गाणे आपल्या क्रमांकावर लागे आणि पैसे कापले जात. जाहिरात, पसंती आणि विक्री एकाच कळीत उरकत असे. गैरप्रकारही इथेच शिरला. न मागता सेवा सुरू झाल्याच्या तक्रारी देशभर वाढल्या, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा सशुल्क सेवांसाठी ग्राहकाची दोनदा खात्री करून घेणे बंधनकारक केले.

मिस्ड कॉलने खर्चाचा भार उलटा फिरवला. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या ‘कान खजुरा टेसन’ने बिहार-झारखंडात मिस्ड कॉल देणाऱ्याला उलट फोन करून गाणी, विनोद आणि मधूनमधून जाहिराती ऐकवल्या. श्रोत्याला एक पैसा पडत नसे.

आज इन्स्टाग्रामवर अशी यंत्रणा जोडलेली असेल तर ‘लिंक’ असा शब्द कॉमेंटमध्ये येताच खासगी संदेश जातो. तिथे एका कॉमेंटला एकच खासगी उत्तर देता येते, तेही सात दिवसांत. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक मंचावर श्रोत्याच्या शेवटच्या संदेशानंतर 24 तास मोकळेपणाने लिहिता येते. पुढे फक्त मंजूर नमुन्यातला मजकूर चालतो. ही बंधने कलावंताच्या हिताचीच आहेत, कारण रोज उठून येणारा संदेश चाहत्यालाही तोडतो.

अशी यंत्रणा यवतमाळ जिल्ह्यात वापरायची तर भाषेचा प्रश्न मोठा. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, पांढरकवडा-झरी जामणीकडे कोलामी व गोंडी, आणि इतरत्र वऱ्हाडी. समजा, एखाद्या बंजारा गायिकेने तीजेचे गाणे काढले. मुली टोपल्यांत गहू पेरून रोज पाणी घालतात त्या दिवसांत ते ऐकले जाणार. सण सरल्यावर आलेले उत्तर वाया. शिवाय लेखी उत्तरापेक्षा तिच्याच आवाजात, गोरमाटीत ध्वनिमुद्रित केलेली दोन वाक्ये वडीलधाऱ्यांनाही कळतील. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी. त्या अनुसूचीत गोरमाटी, गोंडी, कोलामी यांपैकी एकही नाही. म्हणजे कायदा या बोलींची सक्ती करत नाही, पण संमती खरोखर समजून दिलेली हवी असेल तर ती बोलीतूनच विचारली पाहिजे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हीही या कायद्याची अट आहे.

गायन पार्टी, बँडपथक, भजनी मंडळ यांना येणारे संदेश बहुधा कौतुकाचे नसून कार्यक्रम ठरवण्याचे असतात. 14 एप्रिलच्या भीमजयंतीआधी भीमगीते गाणाऱ्यांचे फोन सतत खणखणतात. अशा वेळी ठोक दर सांगणारे उत्तर गैरसोयीचे ठरते. दर गावाचे अंतर, साउंड सिस्टिम आणि साथीदारांची संख्या यांवर ठरतो. यंत्राने तारीख, गाव आणि मंडळाचे नाव तेवढे विचारून ठेवावे आणि बोलणी करायला त्याच दिवशी शाहिराने किंवा पार्टीच्या व्यवस्थापकाने स्वतः फोन लावावा.