कॅम्पातली थंडी आणि साहेबाचं खाणं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असं संपादक मंडळाने मला सांगितलं, तेव्हा आधी मी नाहीच म्हटलं. पंचवीस वर्षांच्या सोसायटीचा इतिहास तो काय लिहायचा? पाण्याची टाकी, पार्किंगचे वाद आणि मेंटेनन्सची थकबाकी, झालं! पण डिसेंबरातल्या गच्चीवरच्या सभेने मला विषय दिला.

त्या सभेला जे होते त्यांना आठवत असेल. मफलर, स्वेटर, मध्ये चहाची किटली, आणि कार्यक्रमपत्रिकेत कोणीतरी लिहिलेलं एक कलम : "केक कापणे". आपल्यातले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आपण सगळे काकाच म्हणतो, ते एकदम उसळले. "ज्या गोऱ्यांनी आपला किल्ला तोफांनी फोडला, त्यांचा केक या गावात कापायचा? औक्षण करा, पेढे वाटा!" त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मग काका, हातातला चहा पण खाली ठेवा. तोही त्यांचाच." सगळे हसले. काकाही हसले, पण कप त्यांनी खरोखरच खाली ठेवला. कलमावर निर्णय झालाच नाही.

माझ्या डोक्यातून मात्र तो कप जाईना. दोघांपैकी बरोबर कोण? म्हणून हा लेख.

आधी काकांची बाजू. मोसम नदीकाठचा आपला भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला बांधला. १८१८ साली पेशवाई बुडत असताना लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने त्याला वेढा घातला. आत होती मुख्यतः अरब शिबंदी. मे महिन्याच्या मध्याला सुरू झालेला वेढा जूनच्या मध्यापर्यंत चालला. मालेगावचा मे महिना काय असतो हे आपल्याला सांगायला नको. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशेवर गेले, त्यात अधिकारीही होते. किल्ला पडला आणि गावाबाहेर लष्कराची छावणी बसली. आपण रिक्षावाल्याला "कॅम्पात चल" म्हणतो ना, तो कॅम्प हाच. पुढे १९२१ च्या खिलाफत-असहकाराच्या दिवसांत याच गावात उद्रेक झाला आणि त्यानंतर काही जण फासावर गेले. तेव्हा मालेगावकराला गोऱ्या साहेबाचा राग यायला कारण आहे, आणि काकांना उगाच हसू नये.

आता साहेबाच्या पोटाची गोष्ट. उन्हाळा त्याला भाजून काढायचा, पावसाळ्यात हिवताप. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच चार महिने त्याला माणसासारखे वाटायचे. पण याच महिन्यांत त्याला घरची आठवण सगळ्यात जास्त यायची, कारण नाताळ यायचा. तिकडे बर्फ, शेकोटी, भाजलेलं मांस, सुक्या मेव्याचं पुडिंग. इकडे सकाळी हुडहुडी आणि दुपारी बाराला कोट काढून ठेवावा असं ऊन! खानसाम्याने पुडिंग केलं तरी ते विलायतेसारखं लागायचं नाही, कारण बाहेर विलायत नव्हती.

या आठवणीचं सगळ्यात बोलकं ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. नाशिकजवळ देवळालीला १८६१ च्या सुमाराला लष्करी तळ झाला. नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथे आगबोटीची वाट पाहत थांबायचे. सैनिकांच्या बोटी थंडीच्या मोसमात सुटायच्या. मोसम चुकला की पुढच्या मोसमापर्यंत काम नाही, धाम नाही, नुसतं बसायचं. त्यात ताप, दारू आणि घरची ओढ. काहींचं डोकं फिरायचं. त्याला शिपाई म्हणू लागले "डूलॅली टॅप". डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला "डूलॅली" म्हणतात. नाशिक जिल्ह्याने इंग्रजी भाषेला दिलेली ही भेट आहे बरं का!

घरची ओढ भागवायला साहेबाने काय काय केलं? एक, डबे मागवले. हंटली अँड पामर्सची बिस्किटं, लोणची, जॅम, हॅम, सगळं आगबोटीने. ते टिनचे रिकामे डबे पुढे आपल्या आज्यांनी सुईदोऱ्यासाठी वापरले. दोन, पेयं. इंग्लंडातून येणारी फिकट बिअर, कोयनेलचं कडू पाणी, आणि सोडा. सोड्याला आपल्या लोकांनी नाव दिलं "विलायती पाणी". १८७२ साली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने गोळीची बाटली काढली आणि पुढे तीच आपली गोटी सोड्याची बाटली झाली. तिकडे ती केव्हाच बाद झाली. आपल्याकडे जत्रेत अजून "टॉक्" करून फुटते.

तीन, भाजीपाला. आणि इथे आपल्या थंडीचा खरा संबंध येतो. साहेबाच्या गावची भाजी आपल्या उन्हाळ्यात जगत नाही, पण आपली थंडी तिला अगदी मानवते. फ्लॉवर इंग्रजांनी १८२२ च्या सुमाराला भारतात आणला. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वर वसलं आणि तिथे बटाटे, स्ट्रॉबेरी असले लाड पुरवले गेले. आज डिसेंबरात आपल्या भाजीबाजारात फ्लॉवर, मटार, नारिंगी गाजर, बीट यांचे ढीग लागतात. कसमाद्यातला शेतकरी ते पिकवतो, आपण त्यात गोडा मसाला घालतो, आणि ही एकेकाळी "इंग्रजी भाजी" होती हे कोणाच्या मनातही येत नाही.

चार, प्रवास. आपलं गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर. अशा रस्त्यांवर डाकबंगले असत. साहेब घोड्यावरून उतरला की खानसामा अंगणातली कोंबडी पकडायचा आणि तासाभरात ती ताटात. साहेब लोकांनी तिचं नाव ठेवलं होतं "अचानक मरण". कटलेट, सूप, कॅरामल पुडिंग ही डाकबंगल्याची आणि नंतर रेल्वेची थाळी. मालेगावला रेल्वे आजही नाही, पण मनमाडला गाडी पकडायला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना स्टेशनवरच्या ब्रेड-कटलेटचा वास आठवत असेल. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिलं कटलेट तिथेच खाल्लं आणि घरी येऊन आईला सांगितलं, "बटाटेवडाच, पण बेसन विसरलेत."

आता काकांनी खाली ठेवलेल्या चहाकडे येऊ. चहा-बिस्किटावरून महाराष्ट्रात एकदा खरंच मोठं वादळ झालं होतं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं समोर आली. कोणी घेतली, कोणी नुसती हात लावून ठेवली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि सनातनी मंडळींनी ग्रामण्य उभं केलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. यादीत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते. रानडे जन्माने आपल्याच जिल्ह्यातले, निफाडचे. हो, दर थंडीत ज्याचा पारा बातम्यांत येतो तेच निफाड. शेवटी दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहापायी!

आणि त्यानंतर? १९०३ साली सरकारने चहावर उपकर बसवला, आणि त्या पैशातून देशातल्या देशात चहाचा प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर, बाजारांत, गिरण्यांत लोकांना चहाची चटक लावली गेली. तेव्हा वहिनींचं म्हणणंही खरं आहे. चहा आपल्याला साहेबाच्या व्यापाऱ्यांनी विकला. पण साहेबाच्या चहात आलं होतं का? वेलदोडा होता का? यंत्रमागाच्या खडखडाटात रात्रपाळीला जागं ठेवणारा, दूध-साखरेत उकळ उकळ उकळलेला कटिंग चहा साहेबाला दिला असता तर तो म्हणाला असता, हे काय औषध आहे?

बाकीच्या वस्तूंचंही तेच. पाव हा शब्द पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज, कोबीही पोर्तुगीजच. आपल्या बेकऱ्यांतल्या भट्ट्यांवर टोस्ट, खारी, बटर भाजणारे हात याच गावचे. पुण्याला गेलेला माणूस येताना कयानीची श्रूजबेरी बिस्किटं आणतो. नाव इंग्लंडातल्या एका गावाचं, पण बेकरी इराणी माणसांची आणि सुरू झाली १९५५ साली, म्हणजे साहेब गेल्यावर आठ वर्षांनी! पारल्याचं ग्लुकोज बिस्कीट तर १९३९ पासून देशीच. जुन्या साहेबी खाण्याची जी आठवण आपण काढतो, ती खरं तर साहेबाची नसते. ती आजोबांनी चहात बुडवलेल्या टोस्टाची असते.

उलटीही गंमत सांगतो. इथून परत गेलेल्या साहेबांना तिकडे आपल्या जेवणाची आठवण यायची. १८१० साली, म्हणजे आपला किल्ला पडायच्या आठ वर्षं आधी, दीन महंमद नावाच्या आपल्या देशातल्या माणसाने लंडनमध्ये "हिंदुस्थानी कॉफी हाऊस" उघडलं होतं. तिथे हुक्का आणि मसालेदार जेवण मिळायचं. खिचडीची त्यांनी "केजरी" केली, चटणीची "चटनी", आणि पाच जिन्नसांच्या पेयाचं नाव "पंच". म्हणजे इथे असताना तिथली आठवण, तिथे गेल्यावर इथली. बिचारे!

मला या सगळ्यातून कळलं ते एवढंच. किल्ल्याचा हिशोब वेगळा आणि ताटाचा हिशोब वेगळा. ताटात आलेलं आपण आपल्या पद्धतीने शिजवून आपलं केलं, त्याची लाज नको. पण ते आवडतं म्हणून किल्ल्याचा हिशोब विसरायचाही नाही. आपल्या सोसायटीत वाढलेली किती मुलं किल्ला आतून बघून आली आहेत? मी विचारलं तेव्हा चौदा मुलांपैकी तीन हात वर झाले. केकपेक्षा मला याची जास्त काळजी वाटली.

म्हणून मी कार्यकारिणीला एक सूचना दिली आहे. समारंभाच्या आधीच्या रविवारी, थंडी आहे तोवर, सकाळी सात वाजता मुलांना घेऊन किल्ल्यावर जायचं. खंदक, बुरूज दाखवायचे, १८१८ ची गोष्ट सांगायची. मग समारंभाला आधी औक्षण आणि नंतर केक. केक कॅम्पातल्याच बेकरीतून आणायचा.

काकांना हा लेख छापायला देण्याआधी वाचून दाखवला. दोन तारखा त्यांनी पुन्हा तपासायला लावल्या. किल्ल्याची गोष्ट मुलांना आपणच सांगणार, असंही ठणकावलं. मग आत हाक मारली, "अहो, दोन कप चहा ठेवा." आणि मला म्हणाले, "आलं जास्त घालायला सांगतो. साहेबाला सोसलं नसतं इतकं."

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. रविवारी सकाळी मफलर विसरू नका.