मापाकडून वजनाकडे : रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातील दारूच्या मात्रेचा इतिहास

प्रस्तावना :
वापरलेली पुंगळी टाकून न देता तिच्यात नवी दारू व गोळी भरण्याची परंपरा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आढळते. या परंपरेत दारू किती भरावयाची, हा प्रश्न नेमबाजाच्या जीविताशी निगडित होता. हा निर्णय कोणत्या आधारावर होत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

काळ्या दारूचा काळ :
काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण होय. कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरसाठी तयार झालेल्या ०.४५ काडतुसात तिचे सुमारे ४० ग्रेन मावत असत (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). पुंगळीत गोळीखाली रिकामी जागा राहू न देणे हाच नियम होता. साहजिकच मात्रा मापाने ठरे. जादा दारू पुंगळीत मावतच नसल्याने भरणाऱ्याच्या चुकीलाही मर्यादा होती.

निर्धूम दारूचे आगमन :
१८८४ मध्ये फ्रान्समधील पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूम दारू सिद्ध केली. ती अल्प वजनात अधिक ऊर्जा देणारी होती. स्मिथ अँड वेसन कंपनीचे ०.३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या सुमारे २१ ग्रेनसाठी घडविण्यात आले होते. त्याच पुंगळीत निर्धूम दारू या वजनाच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी लागू लागली. पोकळी मात्र तेवढीच राहिली. परिणामी चुकून दुप्पट दारू पडली तरी ती पुंगळीत सहज मावे, आणि रिव्हॉल्व्हर फुटण्याचा धोका निर्माण होई. तराजू व दाब मोजून सिद्ध केलेली कोष्टके यांचे महत्त्व येथून वाढले.

१९३५ मध्ये ०.३५७ मॅग्नम हे अधिक दाबाचे काडतूस आले. जुन्या ०.३८ रिव्हॉल्व्हरमध्ये ते बसू नये म्हणून त्याची पुंगळी हेतुतः लांब ठेवण्यात आली. मात्र अधिक वेगामुळे नळीत शिशाचा थर साचण्याची तक्रार वाढली.

मुलाम्याची गोळी :
शिशाच्या गाभ्यावर विद्युत्-विलेपनाने तांब्याचा पातळ थर चढविलेली गोळी हा यावरील एक स्वस्त पर्याय ठरला. मात्र ती जुन्या वर्गवारीत बसत नव्हती. तिचा थर पूर्ण आवरणाच्या गोळीइतका जाड नसल्याने वेग फार वाढल्यास तो नळीतील आट्यांमध्ये फाटू शकतो. उलट मात्रा फारच कमी झाल्यास गोळी नळीतच अडकण्याचा संभव असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने गोळी पुढे सरकू नये म्हणून पुंगळीचे तोंड तिच्यावर आवळावे लागते. परंतु ते अति आवळल्यास मुलामा कापला जातो. म्हणून उत्पादकांनी सामान्यतः शिशाच्या गोळीची अथवा आवरणयुक्त गोळीची मध्यम मात्रेची कोष्टके वापरण्याचा सल्ला दिला. दोन परिचित वर्गांच्या मध्ये पडणाऱ्या वस्तूसाठी दोन्हींचे ज्ञान उसने घ्यावे लागले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, काळ्या दारूच्या काळात सुरक्षितता पुंगळीच्या आकारातच सामावलेली होती. निर्धूम दारूने ती जबाबदारी भरणाऱ्या व्यक्तीवर आणि त्याच्या हाती असलेल्या कोष्टकावर टाकली. तंत्र अधिक कार्यक्षम झाले. पण केवळ नजरेच्या अंदाजावर विसंबण्याची मुभा संपली. मुलाम्याच्या गोळीने हीच बाब पुन्हा अधोरेखित केली.